उपलब्ध नाही

आमच्या इस्पितळाच्या संगणकातली शोधायची सोय तिने बनवलेली, म्हणून तिला सगळे शोधवाली म्हणायचे. औषधभांडाराच्या संगणकावर आम्ही काय टाइप करतो आणि कशापायी चरफडतो, हे पाहायला ती स्टूल घेऊन आमच्या पाठीमागे बसायची. सुरुवातीला मला तिचा रागच यायचा. सासूसुद्धा इतकी पाळत ठेवत नाही. पण बाई कामाची. औषध शोधायला जावं तर सुया, पट्ट्या, नळ्या असा सगळा ढिगारा पुढ्यात येतो, अशी आम्ही नर्सेसनी कटकट केली, तर तिने शोध फक्त औषधांपुरता ठेवला. आम्ही खूश.

मग एका दुपारी एक लहान मुलगी आली. खेळता खेळता कसलीशी पावडर खाल्लेली, ओठ निळे, ऑक्सिजन लावूनही फरक नाही. डॉक्टरांनी उतारा म्हणून मिथिलीन ब्लूचं इंजेक्शन मागितलं. मी नाव टाकलं. पडद्यावर आलं, ‘उपलब्ध नाही’. पुन्हा टाकलं, तेच. डॉक्टर म्हणाले, मोठ्या इस्पितळात हलवा. रस्ता लांबचा होता. पोरगी तिथवर टिकणार नाही, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. बापाने तिला उचलायला हात पुढे केले.

शोधवालीने डॉक्टरांना विचारलं, हे आणखी कशाला वापरतात? ऑपरेशनच्या वेळी रंग म्हणून, ते म्हणाले. ती स्टुलावरून ताडकन उठली.

“ताई, त्यांना जाऊ देऊ नका. रंग मी शोधातून काढलेत. संगणकाने तिकडे पाहिलेलंच नाही.”

मी भांडारात फोन लावला, तर भांडारवाला हुज्जत घालत बसला, संगणक नाही म्हणतो तर मी कुठून आणू? ती स्वतःच धावत गेली. मी दार अडवून उभी राहिले. डॉक्टर माझ्यावर भडकले, बाप नुसता बघत होता. ती खोकं घेऊन आली. डॉक्टरांनी लेबल वाचलं, इंजेक्शनच होतं. थोड्या वेळाने पोरीच्या ओठांवर लाली चढू लागली तशी मी सगळ्यांदेखत रडले.

बाप आभार मानायला तिला शोधत होता. ती संगणकापाशी होती, ‘उपलब्ध नाही’ हे वाक्य खोडत. मी म्हटलं, अगं, पोरगी वाचली, चहा तरी घे.

“संगणकाने ‘मला सापडलं नाही’ एवढंच लिहायला हवं होतं,” ती म्हणाली. “याआधी किती जणांना असंच परत पाठवलं असेल, ताई?”