बाटली हलवणारा हात

नातीनं खिडकीत तेल-पाण्याची बाटली ठेवली. गदागदा हलवली तेव्हा दोन्ही एक झाल्यासारखं दिसलं. मग बारीक थेंब मोठ्या थेंबांत शिरत गेले, आणि थोड्या वेळानं तेल वर, पाणी खाली. ती कॉलेजात याचंच गणित करते. म्हणाली, "आबा, भांडं लहान असलं की कोण कुठं जाणार, हे त्याच्या भिंतीसुद्धा ठरवतात."

मला शिकवते! एका खोलीत चाळीस वर्षं काढली मी. भांडण झालं की तिची आजी स्टोच्या भिंतीला टेकून बसायची, मी दाराच्या. मग तीच कप घेऊन माझ्या भिंतीशी यायची. "बोलू नका हवं तर, पण चहा तरी गिळा." शेवटच्या भांडणात मी कप घेतला नाही. दुसऱ्या सकाळी ती उठलीच नाही.

नातीला विचारलं, "तुझ्या गणितात बाटली हलवणारा हात कुठं धरतेस?"

"तो नाही धरत, आबा. हलवणं थांबलं की मग आमचं गणित सुरू होतं."

मग माझंच मांड, पोरी. इथली हलवणारी गेली.