यरीहोची लाल दोरी आणि हिमायतनगरची खिडकी

अठ्ठेचाळीस साली हैदराबादेत भारताची फौज शिरणार म्हणताच मी मावशीच्या खिडकीला माझ्या वेणीची लाल फीत बांधली होती. नातवंडं ऐकून हसतात. हसू देत. मी वेडी होतेच, त्यात मास्तरीण.

जालन्याच्या मिशन शाळेत मी बायबलमधला इतिहास शिकवायची. हैदराबादच्या आबिड्स भागात यरीहो या प्राचीन शहराच्या उत्खननावर पडद्यावरच्या चित्रांसह व्याख्यान आहे एवढं कळलं, आणि मी काचीगुड्याची गाडी धरली. रझाकारांच्या धास्तीनं डब्यात कुणी कुणाशी बोलत नव्हतं. मीच तेवढी यरीहोच्या तटावर होते.

पडद्यावर ढासळलेल्या मातीच्या विटा दिसल्या, मग जळून काळं पडलेलं धान्य. "तट नेमका केव्हा पडला, हे भांडण अजून मिटलेलं नाही," व्याख्याते म्हणाले. मी मनात म्हटलं, यांना काय कळतंय.

परतायच्या आधीच गाड्या बंद झाल्या. शहरातल्या हिमायतनगरात, मी उतरले होते तिथं, मावशीनं दाराला आतून पाटा लावला. विमानं घरघरत गेली, तशी मला राहाब आठवली. यरीहोतल्या त्या बाईनं शत्रूच्या हेरांना लपवलं आणि ठरलेली खूण म्हणून खिडकीला लाल दोरी बांधली, म्हणून चालून आलेल्या सैन्यानं तिचं घर तेवढं सोडलं. मी वेणी सोडली.

"शिपाई काय बायबल वाचून येतायत?" मावशी म्हणाली.

एवढ्यात शेजारच्या खालांनी (मुसलमानांत मावशीला म्हणतात तसं) भिंतीवरून खिचडी-खट्ट्याचं पातेलं पुढे केलं. खट्टा म्हणजे चिंच-तिळाचं आंबट सार. कडेवर नात होती.

"ये लाल क्या बांधे, मास्टरनी?"

मी अख्खा धडा ऐकवला.

"और बाकी शहर?"

"कापलं सगळ्यांना, वर आग लावली. म्हणून तर जळकं धान्य सापडतं," मी पहिल्या नंबराच्या पोरीसारखं सांगितलं.

खाला आत गेल्या. कडी लागल्याचा आवाज आला.

फौज आली आणि आमच्या गल्लीतून निघूनही गेली. मावशीनं पाटा काढला, खालांचं दार मात्र उघडेना. धास्ती आमच्या घरातून उठून त्यांच्या घरात गेली होती. खेड्यांकडून मुसलमानांच्या कत्तलींच्या बातम्या मावशीच्या कानावर येत होत्या. रिकामं भांडं परत देऊ नये म्हणून तिनं पातेल्यात साखर घातली. मी ते घेऊन रोज दार वाजवायची आणि तशीच परत यायची.

गाड्या सुरू झाल्या. निघायच्या सकाळी दार किलकिलं झालं. "खाला, आता भीती नाही," मी म्हटलं. जणू फौज मीच आणली होती. त्यांनी पातेलं घेतलं. ओढणीला धरून नात उभी होती.

जालन्याला परतल्यावर त्या धड्याशी आले की मी पान उलटून पुढचा धडा घ्यायची. कारण दार लावता लावता खालांनी विचारलं होतं,

"उस शहर में बच्चे बी थे क्या, मास्टरनी?"