परूश्यांचे वकील

परूश्यांची बाजू घेणारा ख्रिस्ती माणूस जगाच्या पाठीवर एकच झाला असेल, आणि तो इथे परदेशात, ब्लॅकटाउनला माझ्या कुंपणापलीकडे राहत होता. परूशी म्हणजे येशूच्या काळचे, नियमावर बोट ठेवणारे धर्मपंडित. आमचे शेजारी काका मूळचे नगरचे. सरकारी कचेरीत जन्मभर फायली तपासल्या, निवृत्तीनंतर मुलाकडे आले आणि इथलेच झाले. लॉकडाउनमध्ये त्यांच्या चर्चची मराठी मंडळी रविवारी झूमवर जमायची. काका टॅब घेऊन अंगणात बसायचे, त्यामुळे शुभवर्तमान अख्ख्या गल्लीला फुकट ऐकू यायचं. एकदा शब्बाथाचा उतारा चालू होता. विश्रांतीच्या दिवशी येशूने हात वाळलेल्या माणसाला बरं केलं आणि परूशी संतापले. पाळकांनी विचारलं, "चांगल्या कामावर हे लोक का बरं चिडले?" काका गरजले, "का नाही चिडणार? हात काय त्याच दिवशी वाळला होता? उद्या या म्हणावं!" पाळक बिचारे पुढच्या अध्यायावर गेले.

घरीही तोच कायदा. रोज अकराची सरकारी घोषणा ऐकायची, नवे नियम छापून कुंपणाला चिकटवायचे. मुलगा "नो वरीज, डॅड" म्हणाला की ह्यांचा पारा चढलाच. मी वेस्टमीडच्या लॅबमध्ये दिवसभर कोविडचे स्वॅब तपासणारी, तर मलाच काठीने दीड मीटर मोजून दाखवायचे! काकूंनी पाठवलेलं पिठलं कुंपणावर ठेवून चार पावलं मागे जाणार आणि मग म्हणणार, "हं, घे आता." पिठलं फक्कड असायचं म्हणून मी गप्प बसायचे, एवढंच.

मग पुण्यात माझे बाबा गेले. सीमा बंद, विमानं बंद. अंत्यविधी फोनवर बघायचा आणि घरात मी एकटी. कुंपणावरून काकूंना सांगितलं, ते काकांनीही ऐकलं आणि तडक आत निघून गेले. मला इतका राग आला म्हणून सांगू! एकटीनेच बघायचं तर एकटीने, असं म्हणून फोन लावणार, तोच दार वाजलं. दारात काका, मास्कवर मास्क चढवलेला, कपाळ लालबुंद.

"काका, दुसऱ्याच्या घरात यायची परवानगी आहे?"

"आजची घोषणा ऐकली नाही मी. ऐकली असती तर आलो नसतो. सरक बाजूला!"

माझ्यावरच चिडत आत आले आणि आधी सगळ्या खिडक्या उघडल्या. मी फोन लावून पेल्याला टेकवला, पण तो सारखा घसरायचा, बाबांचा चेहराच नीट दिसेना. काकांनी फोन उचलला आणि माझ्यासमोर धरून उभे राहिले. चुलतभावाने अग्नी दिला, तेव्हा मला आवरेना.

"रड, पोरी," काका म्हणाले, आणि मोकळा हात त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवला. चार महिने मला कुणी हात लावला नव्हता, हे मला तेव्हा कळलं.