सासूबाईंचा बंब आणि केविनचा पॉपलर

आमच्या सासूबाई कादंबरीबाई पुण्याहून ऑस्ट्रेलियात डँडेनॉन्गला राहायला आल्या त्या तांब्याचा बंब घेऊन. साड्या कमी आणल्या, पण बंब आणला! त्यांच्या आईचा होता तो. दोन वर्षं शेडमध्ये धूळ खात पडला. यंदा माझ्या नवऱ्याने, हृषिकेशने, निर्वाणीचं सांगितलं, "आई, या दिवाळीला यात पाणी तापलं तर ठीक, नाहीतर भंगारात." सासूबाई दोन दिवस धड जेवल्या नाहीत.

एप्रिलमध्ये शेजारच्या केविनने पॉपलरचं झाड पाडलं. "हवं तर लाकूड न्या, पण जाळायला नो गुड, मेट. जाळायचं तर रेड गमचं जड लाकूड." हृषिकेशने लगेच त्याची री ओढली. सासूबाईंनी एक ढलपी हातात तोलली. "हलकं आहे म्हणून काय झालं? बंबाला ओंडके नाही, भुरुभुरु पेटणारं लागतं." आणि अडुसष्टाव्या वर्षी कोयता घेऊन बोटाएवढ्या चिरफळ्या पाडल्या. मी नको नको म्हणतेय, पण ऐकतंय कोण!

त्या रचल्या दक्षिणेच्या भिंतीला. पुण्यात थंडीत ऊन तिकडूनच येतं ना! महिन्याने बघतो तर हिरवी बुरशी. हृषिकेश चक्क हसला. असा संताप आला मला त्याचा! दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई बॅकयार्डात उभ्या राहिल्या, आकाशाकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला, "अगं मिताली, इथला सूर्य उत्तरेला कलतो!" अख्खा ढीग आम्ही दोघींनी उत्तरेच्या भिंतीला हलवला. पुढचे पाच महिने त्या रोज खालच्या चिरफळ्या वर करायच्या.

दिवाळीच्या सकाळी हृषिकेश रेड गमची पिशवी घेऊनच आला. आधी तेच घातलं त्याने. ठोकळे नळीत अडकले, धुराने डोळे चुरचुरले, पाणी गारच. सासूबाईंनी चिमट्याने सगळं बाहेर काढलं, पॉपलर टाकला, एक काडी ओढली. भर्रकन पेटला! वीस मिनिटांत पाणी कढत.

उटणं लावून पहिला बसला हृषिकेशच. तांब्या अंगावर घेतला आणि किंचाळला.

"गार पाण्याचं विसण घे रे," सासूबाई म्हणाल्या. काय तोरा होता त्यांचा!

सकाळचा जाळ कुंपणावरून बघितलेला केविन दुपारी ढकलगाडीभर विलोचं लाकूड घेऊन दारात हजर. "कादंबरी, हे चालेल?"

त्यांनी दोन तुकडे एकमेकांवर वाजवून बघितले. "ओलं आहे. उत्तरेच्या भिंतीला लाव," असं शुद्ध मराठीत सांगितलं.

हृषिकेशने ते केविनला इंग्रजीत सांगितलं आणि ढकलगाडी स्वतःच उत्तरेला वळवली.