आत्याच्या मसाल्यातली अस्वलं

आमच्या घरच्या वर्षभराच्या काळ्या मसाल्यात एकदा अस्वलं पडली.

अस्वलं लहान होती. टाचणीच्या डोक्यावर दोन-चार सहज मावतील एवढी. त्यांना जलअस्वल म्हणतात. दगडांवर, झाडांच्या सालीवर राखाडी पापुद्रे धरतात, त्यांत ती राहतात. जबलपूरच्या कॉलेजात सरांनी भिंगाखाली एक दाखवलं: आठ आखूड पाय, पायांना नखं, आणि चाल अशी की जेवून उठलेला पाहुणा अंगणात शतपावली करतो आहे. मी हजेरीलासुद्धा पुटपुटणारी मुलगी, पण सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "मला हाच विषय हवा."

सर म्हणाले, "उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर तुमच्या जिल्ह्यातल्या तीन जागांचे नमुने आणा. कुठली जात कुठं राहते ते पाहू. नाही आणले तर तुम्हाला झुरळाची पचनसंस्था."

(झुरळाशी माझं वैर नाही. पण अख्खं वर्ष त्याच्या पोटात काढायची इच्छाही नाही.)

बाबा सरकारी नोकरीत, निम्मा महिना दौऱ्यावर. त्यांनी तिरोडी, कटंगी आणि परसवाड्याहून पापुद्रे खरवडून, वर्तमानपत्राच्या वेगवेगळ्या पुड्यांत बांधून बालाघाटला आणले. आता आमच्या घरची रीत अशी, की बाबा दौऱ्याहून पुडीत जे आणतील ते त्यांची थोरली बहीण, म्हणजे आमची आत्या, कोणाला न विचारता स्वयंपाकघरात नेते. आणि हे राखाडी पापुद्रे म्हणजे मसाल्यातलं दगडफूल, हे मराठी घरातल्या कोणत्याही बाईला कळतं. मी इंग्रजी शाळेत शिकलेली. मला ते 'लायकेन' म्हणून ठाऊक होतं.

मी अंघोळ करून आले तेव्हा कढईतून छान वास येत होता.

"आत्या, इथल्या पुड्या कुठं गेल्या?"

"दगडफुलाच्या? भाजून झालं, धन्यासंग कुटूनही झालं. या खेपेस तुया बाबानं मस्त आणलं वं. बजारात असं भेटत नाही."

"तिन्ही पुड्या?"

"हौ, मिसळून टाकल्या. काहून? तुले दगडफूल कायले पायजे?"

"त्यात प्राणी होते."

"किडे? सुपात घेऊन निवडलं मी. एक किडा नव्हता."

"किडे नाहीत ते. गांडुळंही नाहीत." (त्यांना कोणत्या खान्यात बसवावं यावर मोठमोठे विद्वान भांडले आहेत. कढईसमोर हा विषय काढायला नको होता.)

"मंग काय हायेत?"

"अस्वलं."

आत्यानं उलथणं खाली ठेवलं. बालाघाटात तिला सगळ्यांची कुळं पाठ आहेत, तेव्हा पहिला प्रश्न तोच आला. "कोणत्या कुळातली?"

"त्यांचं कूळ वेगळंच आहे. किड्यांचे फार लांबचे भाऊबंद. कोट्यवधी वर्षांपूर्वी वाटण्या झाल्या. त्यांच्यातही दोन घराणी आहेत, एक अंगावर चिलखत घालणारं, दुसरं उघडं."

"आन् भाजल्यावर मेली?"

इथं मी गप्प राहायला हवं होतं. पण या प्राण्याचं कौतुक करायची संधी मला सोडवत नाही. "आत्या, ती सहजासहजी मरतच नाहीत. पाणी मिळालं नाही की वाळून गोळा होऊन पडतात. वर्षंही काढतात अशी. पाणी मिळालं की उठून चालायला लागतात."

आत्यानं मसाल्याच्या बरणीकडे पाहिलं. "म्हंजे आमटीत पाणी टाकलं का उठतीन?"

"भाजलेली नाही उठत," मी घाईनं म्हणाले. (वाळलेली असताना ती बरीच उष्णता सोसतात, हे सांगितलं नाही.)

तेवढ्यात बाबा आले. त्यांच्यासाठी मी पुन्हा सगळं सांगितलं. ही अस्वलं हिमालयाच्या बर्फात सापडतात, समुद्राच्या तळाशी सापडतात, जगात सगळीकडे आहेत.

"सगळीकडे हायेत," बाबा शांतपणे म्हणाले, "तं मले परसवाड्यालेच काहून पाठवलं?"

सुपात निवडताना उरलेली धूळ कोपऱ्यात होती. ती मी वाटीत भिजवली. आत्या आजाऱ्याच्या उशाशी बसावं तशी वाटीजवळ बसून राहिली. दुपारी कॉलेजातून आणलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली एक अस्वल उठलं, नखं सरसावून हळूहळू निघालं. आत्यानं डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"कसं डुलत डुलत जाऊन राह्यलं वं," ती हलक्या आवाजात म्हणाली. "आन् मी याच्या घरच्याईले भाजलं."

पण ते तिरोडीचं, कटंगीचं की परसवाड्याचं, हे आता कोणी सांगू शकत नव्हतं. मला झुरळाचं पोट दिसू लागलं. आत्यानं माझा चेहरा पाहिला. "रडू नको. तुया सरले पायजे तसं मी सोता आणून देतो." पुढच्या दौऱ्यांना ती बाबांबरोबर गेली. बसमध्ये मांडीवर डबा, डब्यावर हात. प्रत्येक गावचा डबा वेगळा, झाकणाला वेगळ्या रंगाची चिंधी. असा सहायक मोठ्या शास्त्रज्ञांनाही मिळत नसेल. मी तिला अस्वलांचं कूळ, घराणी, गावं सगळं सांगितलं होतं, त्यामुळे आणखी काही सांगायचं राहिलं असेल असं मनातही आलं नाही.

बाबा मला छोट्या रुळांच्या रेल्वेगाडीनं जबलपूरला पोचवायला आले. सरांनी तिरोडीचा नमुना भिजवला, पाहिला. काही नाही. कटंगीचा पाहिला. परसवाड्याचा तर तासभर पाहिला.

"अजीब बात है," सर म्हणाले.

दाराशी उभ्या असलेल्या बाबांना वाटलं, मालावर शंका घेतली जात आहे. ते अदबीनं पुढे झाले. "साहब, माल एकदम साफ है. आपके लिए था, इसलिए दीदी ने तीन पानी से धोकर सुखाया है."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाकडे.

सध्या मी झुरळाच्या जठराजवळ पोचले आहे. पण जलअस्वलांच्या अभ्यासातही माझी नोंद व्हायला हरकत नाही. जो प्राणी जगात कुठंही सापडतो, तो बालाघाट जिल्ह्यात अजिबात नाही, हे तीन-तीन जागांच्या पुराव्यानिशी सिद्ध करणारी मी एकटीच आहे!