विटामिनची पूड

दादाने पावस गावच्या रस्त्याला कोंबड्यांची शेड घातली आणि रत्नागिरीच्या बाजारात गाळा घेतला, तेव्हा बॉयलर कोंबडी आमच्याकडे नवीनच होती. हाताखाली कोणीतरी हवं होतं. दादा म्हणाला, "परकं माणूस कशाला? माझी बाय आहे ना." मला बरं वाटलं.

सकाळी शेडमधल्या पाण्यात पिवळी पूड कालवायची, मग दुकानात पडद्यामागे बसून कोंबड्या साफ करायच्या. गिऱ्हाइकांशी बोलायला दादा होता, म्हणून मला ते काम आवडायचं. पूड कसली, असं एकदा विचारलं. "विटामिन," तो म्हणाला. "तूपण घे चिमूटभर, वाळत चाललीस." दर रविवारी तो एक कोंबडी माझ्या पिशवीत घालायचा. "भाचरांना घाल," म्हणायचा. माझी मुलं रविवारची वाट बघायची.

एका पावसाळ्यात आतडी काढताना हाडाचं टोक मधल्या बोटात घुसलं. बोट सुजलं, पू धरला. गल्लीतल्या डॉक्टरांच्या कॅप्सूल खाल्ल्या, मग दुसऱ्या खाल्ल्या, उतार नाही. हात कोपरापर्यंत ठणकायचा, भाकरी थापता येईना. सिव्हिलच्या डॉक्टरांनी पू तपासायला पाठवला आणि म्हणाले, बोट राहील की काढावं लागेल, ते आत्ता सांगता येत नाही.

तपासणीत कळलं की नेहमीच्या औषधांनी त्यातले जंतू मरतच नव्हते. डॉक्टरांनी काम विचारलं. मी खाली बघत सांगितलं.

"कोंबड्यांना औषध काय देता?"

"औषध नाही, विटामिन."

त्यांनी रिकामं पाकीट मागवलं. पाकिटावर सगळं इंग्रजी, मला ते येत नव्हतं. डॉक्टर वाचून म्हणाले, "बाई, तुम्ही खाल्लेल्या कॅप्सूल आणि हे, एकच औषध. कोंबड्यांना रोज थोडं थोडं पाजलं की त्याने न मरणारे जंतूच मागे उरतात. तुमच्या बोटात तेच गेले असावेत. खात्रीने नाही सांगत." त्यांनी वेगळी इंजेक्शनं सुरू केली. बोट राहिलं, पण ते आता वाकत नाही.

मी दादाला दोष दिला नाही. वाटलं, पूड विकणाऱ्याने त्यालाच फसवलं असेल. इंग्रजी त्याला तरी कुठे येत होतं?

जखम भरत आली तेव्हा वहिनीने जेवायला बोलावलं. परसातला गावठी कोंबडा कापला होता. मी म्हटलं, "दुकानातली आणायची ना, घरचा कशाला मारलात?"

वहिनी वाढता वाढता म्हणाली, "नको हो वन्सं. ती आमच्याकडे शिजत नाही. हे म्हणतात, विकायच्या दिवसापर्यंत औषधावर असतात. पोरांना देऊ नको, अशी पहिल्यापासून ताकीद आहे." मग तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. "तुम्हाला सांगितलं नाही होय?"

मी हातातला घास ताटात परत ठेवला. परकी नको म्हणून त्याने मला ठेवलं होतं. बायकोला सांगितलं, आणि मला उघड्या हातांनी त्यात बसवलं.

रविवारी दुकानात दादाने कोंबडी पुढे केली. मी हात मागेच ठेवले.

"का गो?"

"तुझ्या घरी आज काय शिजलंय, दादा?"

तो सुरी पुसत राहिला. "हिने कान भरले वाटतं तुझे. शिजवल्यावर काय राहतंय त्यात? अख्खं गाव खातं."

"तुझी मुलं?"

"त्यांना बाधतं."

"आणि माझ्यांना?"

"फुकटचं नेताना एवढ्या चौकशा नव्हत्या तुझ्या."

तेवढ्यात एक बाई पोराला कडेवर घेऊन आली. दादाने तीच कोंबडी तिच्यासाठी तराजूत टाकली. "एकदम ताजी, मावशी. बघा, माझी बहीणच घरी नेत होती."

बाईने माझ्याकडे पाहिलं. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. मी नुसती मान हलवली, नको म्हणून. तिने पिशवीची घडी घातली आणि ती मासळीबाजाराकडे गेली.

दादा त्यानंतर आमच्या दारात आला नाही. मीही त्याच्या गाळ्याची पायरी चढले नाही.