कुणाची भीती, कशामुळे

"भीती वाटते? कुणाची? आणि कशामुळे?" बाई हे तिन्ही प्रश्न एका दमात विचारत आणि उत्तर येईपर्यंत चष्मा पदराला पुसत बसत.

माझी धाकटी मुलगी एकदा त्यांच्या न्हाणीघरातून किंचाळत बाहेर आली. "आंटी, छिपकली!"

बाईंनी चष्मा काढला. "ती पाल तुझ्या मागे का लागली? तुझा वंश बघून? धर्म बघून? तू अमक्या देशाची, अमक्या गटातली म्हणून? की तुझी राजकीय मतं तिला पटत नाहीत?"

मुलगी रडायची थांबली. "मुझे नहीं पता."

"मग कायद्यानं तुला निर्वासित म्हणता येणार नाही. चल, लाडू खा."

लखनऊच्या जानकीपुरमला आम्ही शेजारी. मी औषधांच्या संशोधनात, त्या विद्यापीठात आंतरराष्ट्रीय कायदा शिकवायच्या. माहेर वर्ध्याचं. "ज्या करारावर आपल्या देशाची सही नाही, तो शिकवून मी पोट भरते," असं स्वतःच सांगून हसत. पण त्या करारातली निर्वासिताची व्याख्या त्यांच्या अंगात इतकी मुरली होती, की सब्जीवाल्या भैयाचीही त्यातून सुटका नव्हती. तो एकदा सहज म्हणाला, "मैडम, घाघरा नदी हमारा घर खा गई. हम भी शरणार्थी हुए ना?"

दुसरं कुणी हसून सोडून दिलं असतं. बाई गाडीपाशी उभ्या राहून समजावू लागल्या. "नहीं भैया. आपने देश की सीमा पार नहीं की. और नदी किसी का धर्म देखकर घर नहीं गिराती."

"तो फिर हम क्या हुए?"

बाई भोपळा न घेताच घरात आल्या. संध्याकाळी माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "त्याला काय म्हणायचं, हे अजून कुणी ठरवलेलंच नाही गं." चहा तसाच गार झाला.

मग बाईंकडे एक मुलगी आली. काबूलची, शिष्यवृत्तीवर शिकायला आलेली. शिक्षण संपत आलं होतं, व्हिसाही. परत जाता येणार नाही एवढंच ती सांगायची. निर्वासितांसाठीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या दिल्लीतल्या कार्यालयात तिची मुलाखत व्हायची होती. तिथे तिला निर्वासित मानलं तर राहता येणार, नाहीतर विमानात बसावं लागणार. बाई तिची तयारी करून घेऊ लागल्या.

एका रविवारी मी पुरणपोळ्या घेऊन गेले, तर आतून मुलीचा आवाज चढलेला. "मेरी माँ भूख से मरी, वो कुछ नहीं?"

"बहुत कुछ है, बेटा. पर कानून भूख नहीं पूछता. वो पूछता है, किससे डर है, और क्यों. और तुम्हारी सरकार तुम्हें बचा क्यों नहीं सकती."

"आप भी कानून हैं?"

बाईंनी मला दारात पाहिलं, त्या उठल्या आणि खोलीचं दार आतून लावून घेतलं.

दार उघडलं तेव्हा ऊन भिंतीवरून उतरलं होतं. मुलगी तोंड धुवायला गेली. बाई स्वयंपाकघरात येऊन कणीक मळायला लागल्या. त्यांचे डोळे लाल झाले होते. म्हणाल्या, "तिला जे सांगावंसं वाटतं, ते तिथे कुणी विचारणार नाही. आणि जे विचारणार, ते तिच्या तोंडून निघत नव्हतं. आज निघालं."

"काय निघालं?"

"कणीक सैल झाली का बघ जरा."

मुलाखतीला दिल्लीला आम्ही दोघीही तिच्याबरोबर गेलो. आत फक्त तिला सोडलं. बाई समोरच्या बाकावर ताठ बसून राहिल्या. मुलगी बाहेर आली तशी मी "कसं झालं?" म्हणणार, तोच बाईंनी माझा हात दाबला. पिशवीतून संत्रं काढलं, सोललं आणि एकेक फोड तिच्या हातावर ठेवत गेल्या. लखनऊ येईपर्यंत त्यांनी तिला एकही प्रश्न केला नाही.

काही महिन्यांनी निकाल लागला. मुलगी धावत आली, हसत आणि रडत. "आंटी, मैं शरणार्थी हूँ! मान लिया उन्होंने!" बाईंनी तिला जवळ घेतलं आणि तिच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहत मराठीत म्हणाल्या, "निर्वासित झाल्याबद्दल अभिनंदन कसं करायचं, हे मला कुणी शिकवलं नाही गं."

पुढे ती एका थंड देशात गेली. तिथे लहान मुलांना शिकवते.

बाई एका हिवाळ्यात झोपेतच गेल्या. मी तिला फोन केला. तिकडून बराच वेळ नुसते हुंदके येत राहिले. मग तिनं विचारलं, "मैंने उन्हें जो बताया था... वो कभी आपसे कुछ कहती थीं?"

खोटा धीर द्यावा असं क्षणभर वाटलं. पण जे होतं तेच सांगितलं. इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो, रोज एकमेकींकडे चहा घेतला, पण ती मुलगी कुणाला भीत होती आणि का, यातलं अक्षरही बाईंनी मला सांगितलं नव्हतं. मला ते आजही ठाऊक नाही.

"नहीं. कभी नहीं. एक लफ़्ज़ भी नहीं."

ती फार हळू म्हणाली, "मुझे मालूम था."